उतार पडेपर्यंत

आमच्या आत्याचा देवावर जेवढा विश्वास होता तेवढा तिने नगरपालिकेवर ठेवला असता, तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. आणि गंमत म्हणजे तिचा उभा जन्म नगरपालिकेतच गेला. एकतीस वर्षं ती नगरपालिकेच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे बसली. खिडकीला जाळी, जाळीला वाटीएवढं भोक, आणि त्या भोकाशी येणाऱ्या प्रत्येक तोंडाला तिचे चार प्रश्न: नाव, वय, तक्रार, किती दिवसांपासून. हे प्रश्न तिच्या अंगात इतके मुरले होते की माझं ठरलेलं लग्न मोडलं आणि मी उशीत तोंड खुपसून रडत होते, तेव्हाही ती पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "तक्रार काय आणि किती दिवसांपासून?" पाच दिवसांपासून, असं सांगताना माझं मलाच ते दुखणं फार किरकोळ वाटायला लागलं.

खिडकीमागे तिचा एकच धर्म होता, तो म्हणजे रांग. उपनगराध्यक्षांचे मेहुणे एकदा बोटात रुतलेला काटा घेऊन थेट जाळीशी आले, तर तिने त्यांना तेविसावे उभे केले. बाविसावी एक भांडीवाली होती. मेहुण्यांनी बरीच आदळआपट केली आणि महिन्याभरात आत्याची बदली जन्ममृत्यू नोंदणीत झाली. सहा आठवड्यांत ती परत खिडकीवर आली, कारण डॉक्टरांचं अक्षर दुसऱ्या कुणालाच लागेना. राजकारणाबद्दलचं तिचं मत याच जाळीतून तयार झालं होतं. "कोणाला खिडकीवर उभं राहावं लागतं आणि कोण मागच्या दाराने आत जातं, एवढंच राजकारण," असं ती म्हणायची, "बाकी सगळं भाषण." देव तिला आवडायचा तो याचसाठी, की त्याच्याकडे मागचं दार नाही अशी तिची खात्री होती.

निवृत्त झाल्यावर तिने आपला सगळा मोर्चा प्रार्थनाघराकडे वळवला. तिथे तिच्याकडे दोन कामं आली. एक, दर गुरुवारी संध्याकाळी लोकांना जागच्या जागी बसवणं. पुढे बाकं होती, त्यांवर विश्वस्त, गुडघेदुखीवाले आणि मान्यवर. मागे दाराजवळ, चपलांच्या फळीला लागून चटई, तिच्यावर खालच्या गल्लीतले लोक. हे लोक शहराची गटारं साफ करायचे. त्यांना पहाटे कामावर जायचं असतं, लवकर उठून जाता यावं म्हणून दाराजवळ बरं, असं आत्याने फार मायेने ठरवून दिलं होतं.

दुसरं काम यादीचं. या यादीचे नियम समजून घ्यायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ त्यांनीच घातला. दाराशी एक लाकडी पेटी. कोणीही तिच्यात चिठ्ठी टाकावी: अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याला तमका त्रास आहे. गुरुवारी पेटी उघडायची आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, एक शब्द न गाळता. सोमवारी यादी वाचणाऱ्याने त्या माणसाच्या दारी जाऊन चौकशी करायची, कसं वाटतंय आता. उतार पडेपर्यंत नाव यादीत राहणार. आणि एक दिवस बरं वाटलं म्हणजे उतार नव्हे. सलग तीन आठवडे बरं वाटलं पाहिजे. प्रार्थनाघर बांधणाऱ्या सात जणांनी हे सगळं लिहून, खाली सह्या करून भिंतीवर टांगून ठेवलं होतं. बिचारे भले लोक होते. पुढेमागे आमची आत्या जन्माला येणार आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आत्याने आल्या आल्या चिठ्ठीला शिस्त लावली. पेटीशेजारी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, प्रत्येकीवर चार ओळी आखलेल्या: नाव, वय, तक्रार, किती दिवसांपासून. सोमवारच्या फेरीला तिला माझी स्कूटर लागायची. मी प्रार्थनेला फारशी जाणारी नव्हे, पण आत्याच्या गुडघ्यांमुळे मला गावातली सगळी दुखणी पत्त्यासकट पाठ झाली.

त्या वर्षी खालच्या गल्लीतला एक माणूस सिनेमागृहामागच्या गटारात उतरला. कमरेला दोर, नाकाला रुमाल. आतल्या वायूने त्याला गाठलं आणि दोराने वर ओढला तेव्हा शुद्ध नव्हती. त्याची बायको प्रार्थनाघराचं अंगण झाडायची, म्हणून तिला सगळे अंगणवाली म्हणायचे. तिने चिठ्ठी टाकली. आम्ही तीन सोमवार इस्पितळात गेलो. चौथ्या बुधवारी तो गेला.

गुरुवारी प्रमुख विश्वस्त उठले. त्यांना लोक मागे 'थोडक्यात' म्हणायचे, कारण प्रत्येक भाषण ते याच शब्दाने सुरू करायचे आणि मग पाऊण तास खाली बसायचे नाहीत. थोडक्यात सांगायचं तर, ते म्हणाले, आपला बंधू सुटला, आता त्याचं नाव यादीतून काढावं. आत्याने नावावर रेघ मारली. मग म्हणाली, "रोगी गेला. रोग अजून इथेच आहे." आणि पेटीतून काढलेली पहिलीच चिठ्ठी तिने वाचली. अक्षर तिचंच होतं.

"नाव: आपले नगरसेवक. वय: बावन्न. तक्रार: दिसत नाही. किती दिवसांपासून: निवडून आल्यापासून."

चटईवरून कोणीतरी हसलं. त्या बाजूने हसू आलेलं प्रार्थनाघराने त्यापूर्वी ऐकलं नसावं, कारण बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या. नगरसेवकांनी निवडणुकीत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की यापुढे माणूस गटारात उतरणार नाही, यंत्र उतरेल. यंत्र आलंही. हार घातलेल्या अवस्थेत ते नगरपालिकेच्या आवारात उभं होतं आणि त्याचा पाइप यायचा होता. पाइप येईपर्यंत माणसं उतरत होती.

घरी येताना मी आत्याला विचारलं की देवाला सगळं ठाऊक असतं, तर हे असं गावासमोर वाचायची काय गरज. "देवाला ऐकू येतं गं," ती म्हणाली, "बाकीच्यांचं काय?"

सोमवारी आम्ही नगरसेवकांच्या कार्यालयात गेलो. भिंतीवर त्यांचीच तसबीर पाच आकारांत होती, म्हणजे कुठल्याही खुर्चीवरून दर्शन व्हावं. आत्याने पिशवीतून यादी काढली, चष्मा लावला आणि दवाखान्यात विचारावं तशा शांतपणे विचारलं, कसं वाटतंय आता, काही दिसायला लागलं का. नगरसेवकांना ती थट्टा वाटली. त्यांनी तिला मावशी म्हटलं, चहा पाजला, पाइप लवकरच येतोय म्हणून सांगितलं. आत्याने यादीवर लिहिलं, 'उतार नाही', आणि पुढच्या सोमवारी येते म्हणाली.

ती आली. त्याच्या पुढच्या सोमवारीही आली. चौथ्या सोमवारी बाहेर ताटकळलेली माणसंच एकमेकांत विचारू लागली, साहेबांच्या डोळ्यांचं कसं काय. विरोधी पक्षाच्या एका कार्यकर्त्याने फुकट डोळे तपासणीचं शिबिर भरवलं आणि पहिलं निमंत्रण साहेबांना धाडलं. त्यांची म्हातारी आई तर पदराने डोळे पुसत प्रार्थनाघरात आली, माझ्या लेकाला काय झालंय ते मला कोणी का सांगत नाही म्हणून. आत्याने तिला पुढच्या बाकावर बसवलं आणि समजावलं की दुखणं बरं होण्यासारखं आहे, फक्त रोग्याची इच्छा पाहिजे.

इकडे विश्वस्तांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रार्थनाघराला वरचा मजला चढवायचा होता आणि त्याची परवानगी नगरसेवकांच्या टेबलावर पडून होती. आत्याला सभेपुढे बोलावलं. मी तिला न्यायला आले होते ती दाराशीच थांबले. थोडक्यात म्हणाले की प्रार्थनेत राजकारण नको. आत्याने विचारलं की निवडणुकीच्या आधी याच साहेबांच्या विजयासाठी प्रार्थना झाली होती ती काय होती.

"ती सदिच्छा होती," थोडक्यात म्हणाले.

"मग हीही सदिच्छाच. त्यांना दिसावं अशीच माझी इच्छा आहे."

एका विश्वस्ताने खडा टाकून पाहिला, की यादीचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं, आता बाईंचं वय झालं. आत्याचा चेहरा उतरला ते मला दारातून दिसलं. ती यादी म्हणजे तिची खिडकी होती, तिच्याशिवाय सोमवारी सकाळी उठून करायचं काय हा तिला खराच प्रश्न होता. पण ती म्हणाली, खुशाल द्या, फक्त जो कोणी वाचेल त्यालाही उतार पडेपर्यंत हेच नाव वाचावं लागेल. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. सात सह्यांमधली तिसरी सही थोडक्यातांच्या आजोबांची होती. आजोबांना खोटं पाडायचं की वरच्या मजल्यावर पाणी सोडायचं, या पेचात सभा दोन तास अडकली आणि शेवटी एका धूर्त माणसाने तोड काढली: नाव काढता येत नसेल तर रोग्यालाच बरं करू.

म्हणून पुढच्या गुरुवारी प्रार्थनेआधी एक समारंभ झाला. नगरसेवक वायूपासून बचाव करणारे सहा मास्क घेऊन आले, खरेखुरे, रबरी, समोर काच असलेले. पाइप येईपर्यंत हे आमच्या कष्टकरी बांधवांचं रक्षण करतील, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. ज्यांचं रक्षण व्हायचं ते बांधव मागे चटईवर बसले होते, अंगणवालीचा दीरही त्यांच्यातच. भाऊ गेल्यावर सिनेमागृहामागचं तेच गटार आता त्याच्याकडे आलं होतं आणि सोमवारी दुपारी त्याला तिथे उतरायचं होतं. फोटोवाला म्हणाला की मागे उजेड कमी आहे. तेव्हा नगरसेवकांनी पहिला मास्क थोडक्यातांच्याच हातात दिला आणि फोटो फार छान आला. मग सहाही मास्क खराब होऊ नयेत म्हणून साहेबांच्या कार्यालयातल्या काचेच्या कपाटात परत गेले.

नगरसेवकांनी हसत हसत आत्याला विचारलं की आता तरी दिसतं म्हणायचं ना आम्हाला.

"एक आठवडा झाला," आत्या म्हणाली. "तीन लागतात."

तिचा चेहरा मात्र खुलला होता. इतक्या वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती. तिने ऐटीत पेटी उघडली. एका म्हाताऱ्याचा दमा वाचून झाला, एकीचं बाळंतपण झालं. तिसरी चिठ्ठी तिने उलगडली आणि सवयीने वाचायला सुरुवात केली.

"नाव: यादी वाचणाऱ्या बाई." इथे ती थांबली. चिठ्ठी तिने डोळ्यांपासून थोडी लांब धरली, पुन्हा जवळ आणली. एक शब्द न गाळता, असं भिंतीवर लिहिलेलं होतं आणि तिच्याइतकं ते कुणालाच पाठ नव्हतं. "वय: सत्तरीच्या पुढे असेल. तक्रार: दिसत नाही. किती दिवसांपासून: मी इथे यायला लागले तेव्हापासून, एकोणीस वर्षं." चौथ्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, आखलेली नसल्यामुळे तिरकी गेलेली. "पुढे बाकं रिकामी असतात. आम्ही चपलांजवळ बसतो."

या वेळी चटईवरून कोणी हसलं नाही. अंगणवाली खाली मान घालून बसली होती. थोडक्यात घाईने उठले, पण त्यांना पहिल्या शब्दापुढे काही सुचेना आणि हयातीत पहिल्यांदाच त्यांनी थोडक्यात आवरलं. आत्याने ती चिठ्ठी घडी करून यादीत ठेवली, पुढची चिठ्ठी वाचली, सगळी प्रार्थना पुरी केली.

घरी आल्यावर आत्या हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी त्यांना मागे का बसवलं गं?"

"लवकर उठून जाता यावं म्हणून. तूच म्हणायचीस."

"कधी कोणी गेलं लवकर?"

मी आठवून पाहिलं. मला एकही गुरुवार आठवेना. प्रार्थना संपेपर्यंत ते सगळे बसायचे आणि सगळ्यांच्या चपला निघून गेल्यावर शेवटी उठायचे, कारण फळीची वाट त्यांनीच अडवलेली असायची आणि लोकांना त्यांच्या अंगावरून हात घालून चपला घ्याव्या लागायच्या. मग मला आठवलं की मीही तशाच घेत होते. मी गावातल्या सगळ्यांना हसत हिंडत होते, नगरसेवकांच्या तसबिरी मोजत होते, आणि ज्या बाईच्या डोक्यावरून मी दर वेळी चप्पल उचलली तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. तोपर्यंत मी स्वतःला फार तिखट नजरेची समजत होते.

"वास यायचा," आत्या एकदम म्हणाली. "पहिल्या दिवशी मला वास आला होता. म्हणून दाराजवळ बसवलं. नंतर मी कारण बदललं." तिला रडू फुटलं आणि मी तिला तक्रार काय म्हणून विचारलं नाही.

सोमवार आला. मला वाटलं होतं ती या खेपेला फेरी चुकवील, पण नऊ वाजता ती पिशवी घेऊन स्कूटरशी उभी. नगरसेवकांच्या कार्यालयात कपाट होतं, कपाटात मास्क होते आणि किल्ली ज्या कारकुनाकडे होती तो रजेवर सासुरवाडीला गेला होता. साहेब दौऱ्यावर. आत्या त्या पाच तसबिरींच्या समोर बसली आणि म्हणाली की मी थांबते. एक तास गेला. तिने कोणाशी वाद घातला नाही, फक्त कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला, विचारलं तर, आपण कशासाठी बसलोय ते नीट सांगितलं. अकरा वाजता आलेल्या माणसांची संख्या पाहून साहेबांच्या भाच्याची पाचावर धारण बसली आणि तो स्वतः गाडी काढून कारकुनाच्या सासुरवाडीला किल्ली आणायला गेला. साडेबाराला कपाट उघडलं. सहा मास्क माझ्या स्कूटरवर पायांशी ठेवून आम्ही सिनेमागृहामागे गेलो. झाकण काढून झालं होतं. अंगणवालीचा दीर कमरेला दोर बांधत होता. आत्याने एक मास्क त्याच्या हातात दिला, उरलेले त्याच्या सोबत्यांना, आणि परत स्कूटरवर बसली.

संध्याकाळी दाराची कडी वाजली. मी उघडलं तर पायरीखाली अंगणवाली. हातात झाडू नव्हता म्हणून क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. आत्या बाहेरच्या खोलीत आली. दाराच्या आत आत्या, पायरीखाली ती, आणि मध्ये मी, कोणाकडे बघावं ते न कळून.

"दीर दुपारी उतरला होता," ती म्हणाली. "वर आला. व्यवस्थित आहे. जेवून झोपलाय. ते तुमच्यामुळे झालं, बाई. ते मी विसरणार नाही. पण मी आज चौकशीला आलेय. सोमवारी यायचं असतं ना? यादी वाचणाऱ्याचंच नाव यादीत आलं तर कोण जाणार, म्हणून म्हटलं, चिठ्ठी आपली आहे, आपणच जावं." आणि मग, आत्या गावभर विचारत आली होती अगदी त्याच आवाजात, "कसं वाटतंय आता?"

समोरच्या घरातल्या काकू खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि आत्याला ते दिसत होतं.

"आत या," ती म्हणाली. एकोणीस वर्षं ती तिला 'ये' म्हणत आली होती. "बसा."

अंगणवाली पायरी चढली. आमच्या बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या आहेत. ती दाराजवळच्या खुर्चीकडे वळली, तशी आत्याने पुढे होऊन आतली, पंख्याखालची, आपली स्वतःची खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली. ती बसली. मी पाणी आणलं. मग मी धीर करून तिला तिचं नाव विचारलं आणि तिने ते सांगितलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती उठली. आत्या तिला सोडायला दारापर्यंत गेली आणि इतका वेळ जिभेवर अडकलेला प्रश्न तिने विचारून टाकला, "मग? उतार म्हणायचा का?"

अंगणवालीने पायरीवर थांबून थोडा विचार केला. तिला आत्याला दुखवायचं नव्हतं, पण खोटंही बोलायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"एक सोमवार झाला, बाई," ती म्हणाली. "तीन लागतात."